छाटलेली फांदी टोकाकडून वाळत खाली येते? पुन्हा कात्री लावण्याआधी हे तपासा

छाटलेल्या टोकाची साल आधी तपकिरी होते, मग काळपट पडून आक्रसते. कापाखालचे दोन-तीन डोळे फुटतात, पालवी बोटभर वाढते आणि आठवड्याभरात करपून गळते. वाळणं तिथे थांबत नाही. दर पंधरवड्याला ते चार बोटं खाली उतरतं. त्याच वेळी झाडाच्या तळाकडून, नको तिथून, सरळसोट, भराभर वाढणाऱ्या फुटी, म्हणजे पानसोट, सुटतात. फुलं मात्र नाहीत. बागायतीत याला शेंडेमर म्हणतात. जास्वंद, गुलाब, लिंबू, पेरू आणि आंबा या झाडांवर मी ती सगळ्यात जास्त पाहिली आहे.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर पुढचं तुमच्या कामाचं आहे. छाटणीनंतर नुसती पानं पिवळी होऊन गळाली आणि फांदी हिरवी राहिली, तर झाडाला फक्त धक्का बसलाय. त्याला तीन-चार आठवडे द्या. चाफ्याची पानं थंडीत आपोआप गळतात, त्यानेही घाबरू नका.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहते. आमच्या वाड्यावर चतुर्थी संपली की या तक्रारी सुरू होतात, आणि त्याला कारण आहे. जूनमध्ये पाऊस लागतो, फांद्या कौलांवर टेकतात, पन्हळीत पानं अडकतात. वर चतुर्थीच्या आधी घर-अंगण लख्ख हवं असतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये परसात कोयता फिरतो. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कापलेली जखम आठवडेच्या आठवडे ओली राहते. सप्टेंबरात उघडीप पडली की वाळकी टोकं डोळ्यांत भरतात आणि माणसं औषधाच्या दुकानाकडे धावतात. माझी कळकळीची विनंती आहे की बाटली विकत घेण्याआधी काप बघा. मी सोडवलेल्या बहुतेक प्रकरणांत दोष किडीचा नव्हता. काप चुकीच्या जागी होता, नाहीतर चुकीच्या महिन्यात.

१. आधी नखाने साल खरवडा

टोकापासून सुरुवात करा आणि दर चार बोटांवर साल नखाने किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर तिथे जीव आहे. कोरडं, तपकिरी असेल तर तो भाग गेला. हिरवं जिथे सुरू होतं त्या जागी रंगीत दोरा सैल बांधा आणि तारीख लिहून ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा खरवडून बघा.

हे का करायचं? कारण वाळलेलं टोक दिसताच लोक लगेच कात्री घेतात आणि एक तर मेलेल्या भागातच पुन्हा कापतात, नाहीतर भीतीने हातभर जिवंत फांदी उडवतात. आठ दिवसांनी हिरवं दोऱ्यापाशीच असेल तर झाडाने मर आपली आपण अडवली आहे. मग फक्त वाळकं काढायचं, तेही कोरड्या दिवशी. रेषा दोऱ्याच्या खाली सरकली असेल तरच पुढे चला.

आमच्या शेजारच्या वहिनींचं लिंबू गेलं असं सगळ्यांनी ठरवलं होतं. खरवडत गेलो तर कमरेच्या उंचीपासून खाली ते पूर्ण हिरवं होतं. आज त्या झाडाची लिंबं आम्ही लोणच्याला आणतो.

२. तार, दोरी, खिळा

ही तपासणीही फुकटची, पण ती कोणी करत नाही. नाताळचं नक्षत्र टांगायला बांधलेली तार, चतुर्थीच्या रोषणाईची वायर, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. सण जातो, तार राहते, आणि दोन-तीन वर्षांत साल तिच्यावरून वाढते. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जातं. तारेने ती वाट आवळली की तारेच्या वर फांदी फुगते, खाली बारीक राहते, आणि छाटणीचा ताण पडताच ती आधी वाळते. फांदीवरून हात फिरवा, असा फुगवटा बोटांना कळतो. तार सैल असेल तर पक्कडीने कापून काढा. सालीत रुतली असेल तर ओढू नका, ओढलीत तर सालही सोलून येईल. दिसणारा भाग तोडा आणि आतला तसाच राहू द्या.

३. काप नेमका कुठे घेतलाय

इथे थोडा वेळ द्या, कारण बहुतेक वेळा उत्तर इथेच असतं.

फांदी खोडाला मिळते तिथे नीट बघा. तिच्या बुडाशी साल थोडी फुगलेली, सुरकुतलेली असते, बांगडीसारखी एक वळी असते. आंब्यावर आणि फणसावर ती स्पष्ट दिसते, जास्वंदीवर बोटाने चाचपावी लागते. ही वळी म्हणजे झाडाचं संरक्षण. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेले अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून बघितली आणि १९७०च्या दशकात एक गोष्ट पक्की मांडली. माणसाच्या कातडीसारखं झाड जखम भरून काढत नाही, तर खराब झालेलं लाकूड आतल्या आत कोंडून घेतं आणि त्याच्याभोवती नवं लाकूड वाढवतं. फांदीच्या बुडाशी ही भिंत सगळ्यात भक्कम उभी राहते.

म्हणून दोन प्रकारचे काप घात करतात. पहिला खुंटीचा. वळीपासून वीतभर पुढे कापलं की जी खुंटी उरते तिच्यावर पान नाही, डोळा नाही. अन्न बनवणारं काही नसल्यामुळे ती वाळणारच, आणि वाळलेल्या खुंटीतून बुरशी आत शिरते. कोयत्याने छाटलेल्या जवळजवळ प्रत्येक झाडावर मला खुंट्या दिसतात, कारण कोयता वळीपर्यंत पोचूच शकत नाही. दुसरा काप याच्या उलट, खोडाला अगदी चिकटून घेतलेला. तो दिसायला स्वच्छ असतो, पण त्यात वळीच उडालेली असते. जखम फांदीच्या जाडीपेक्षा मोठी होते आणि आता मर खोडात उतरू शकते. खुंटी वाईट, पण ती पुढच्या कोरड्या दिवसांत सुधारता येते. उडालेली वळी परत येत नाही.

बरोबर काप वळीच्या अगदी बाहेर, वळीला धक्का न लावता. असा काप वर्षभराने पाहिला तर चारही बाजूंनी नवी साल ओठासारखी वळून येताना दिसते. ती फक्त दोन बाजूंनी येत असेल तर वरून-खालून वळी कापली गेली होती असं समजा.

आखूड फांदीचं टोकच कमी करायचं असेल, जसं जास्वंदीत किंवा गुलाबात करतो, तर काप डोळ्याच्या वर साधारण अर्धा सेंटीमीटर आणि डोळ्यापासून दूर उतरता. पाणी डोळ्यावर न साचता मागे ओघळलं पाहिजे. डोळा झुडपाच्या बाहेर बघणारा निवडा, म्हणजे नवी फूट आत गर्दी करणार नाही.

मनगटाएवढी किंवा जास्त जाड फांदी एका घावात कधी उतरवू नका. ती अर्धी कापली जाते, स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल हातभर सोलत खाली नेते. अशी सोललेली साल मी ज्या झाडांवर पाहिली त्यांतली बरीच पुढे पोकळ झाली. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून करवतीने पाव जाडी कापा. मग त्याच्या दोन-तीन बोटं पुढे वरून पूर्ण कापा, म्हणजे फांदी पडते आणि खुंटी उरते. शेवटी ती खुंटी हाताने धरून वळीच्या बाहेर नीट काढा. पाच मिनिटं जास्त लागतात, बस.

४. कधी कापलं ते आठवा

कॅलेंडर काढून छाटणीचा दिवस शोधा. जून ते सप्टेंबरमध्ये असेल तर शेंडेमरीचं अर्धं कारण सापडलं. बुरशीला ओलावा हवा, आणि कापलेल्या लाकडाला सुकायला दोन-तीन सलग कोरडे दिवस हवेत. आपल्या पावसात ते मिळत नाहीत.

आमच्याकडचं माझं वेळापत्रक असं आहे. जास्वंद, तगर, कण्हेर, गुलाब हे ऑक्टोबरच्या मध्यानंतर, सकाळचं ऊन सुकं लागायला लागलं की. ही सगळी नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे छाटणीने फुलं जात नाहीत, उलट वाढतात. मोगरा नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याची फुलं नव्या फुटीवर येतात. पांढऱ्या चाफ्याला मी हात लावत नाही. तो टोकालाच फुलतो, टोक छाटलं की तिथली फुलं गेली.

आंब्याचं अवघड आहे. त्याला मोहोर येतो तो जुन्या, पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर. ऑक्टोबरात छाटलं तर त्या फांदीचा येत्या मोसमाचा मोहोर गमावलात. म्हणून बारीक-सारीक काड्या, आतली गर्दी, वाळकं हे मानकुराद आंबे उतरवून झाल्यावर, पहिला पाऊस लागण्याच्या आधी काढा. मधे दिवस फार थोडे मिळतात. जाड फांदी काढायचीच असेल तर मी पाऊस संपण्याची वाट बघते आणि त्या फांदीचा मोहोर सोडून देते. झाड वाचलं तर पुढच्या वर्षी आंबे आहेतच.

एक अपवाद. वादळाने मोडलेली, चिरलेली फांदी पावसातही लगेच नीट कापा. लोंबणारी फाटकी साल स्वच्छ कापापेक्षा जास्त पाणी धरते. दोन सरींच्या मधली उघडीप साधा.

५. हत्यार

बोथट कात्री फांदी कापत नाही, चेचते. काप जवळून बघा. कडेची साल चुरगळलेली, तंतू बाहेर आलेले असतील तर दोष धारेचा. फुलझाडांसाठी दोन पाती एकमेकांना घासून जाणारं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घ्या. ज्यात एक पातं सपाट पट्टीवर आदळतं ते फक्त वाळक्या लाकडाला ठेवा. अंगठ्यापेक्षा जाड काही असेल तर सिकेटर नाही, वक्र दातांची छोटी करवत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशा करवती मिळतात.

आजारी झाडावरून निरोगी झाडावर जाताना पाती स्पिरिटने पुसा. शेंडेमर झालेल्या फांदीत तर प्रत्येक कापानंतर पुसा, नाहीतर तुम्हीच बुरशी खालच्या हिरव्या भागात नेता. माझ्याकडून एकदा हेच झालं. एका दिवशी सहा गुलाब एकाच कात्रीने न पुसता छाटले आणि दीड महिन्यात चार वाळले. तेव्हापासून खिशात कापसाचा बोळा असतो.

६. किती काढलं, आणि ऊन कुठे पडतंय

एका वेळी झाडाचा पाव भाग हिरवा काढला तरी पुष्कळ झाला. त्याहून जास्त काढलं की झाड साठवलेलं अन्न मोडून भराभर पानसोट फेकतं. दाट, सरळ, ठिसूळ अशा या फुटी म्हणजे जोमाची खूण मानून लोक खूश होतात, प्रत्यक्षात ती उपासमारीची खूण आहे. सगळे पानसोट एकदम उडवू नका. हातभर अंतराने एखादा ठेवा, बाकीचे कोवळे असतानाच हाताने मोडा. कलमी लिंबाला कलमाच्या जोडाखालून फूट आली असेल तर ती मात्र पूर्ण काढा, ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या रोपाची आहे, तुमच्या लिंबाची नाही.

दुसरी गोष्ट ऊन. वर्षानुवर्षं सावलीत असलेली साल एकदम मार्च-एप्रिलच्या उन्हात आली की पश्चिमेच्या बाजूने भाजते, तडकते आणि तिथून वाळायला लागते. फांदीची एकच बाजू मेली असेल तर हे कारण धरा. उघड्या पडलेल्या फांद्यांना पातळ चुना फासा. तो ऊन परतवतो, आणि खर्च काहीच नाही.

७. आता कीड आणि रोग

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर जवळ जाऊन बघा. झाडात हात घालण्याआधी फांदी हलवा. पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्या, म्हणजे हुमले, असतील तर ते आधी कळलेले बरे, आणि पक्ष्याचं घरटं असेल तर छाटणी पुढे ढकला.

आंब्याच्या खोडावर छिद्र आणि त्यातून भुसा पडत असेल तर भिरूड आहे. छिद्रात सायकलची जुनी तार घालून अळी बाहेर ओढता येते, एक-दोन छिद्रं असतील तोवर. काजूच्या बुंध्याशी डिंक आणि भुसा म्हणजे रोठा, बुंधा पोखरणारी अळी. काजूची नुसती कोवळी पालवी काळी पडून वाळत असेल, तर तो बहुतेक ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीचा डंख असतो आणि छाटणीशी त्याचा संबंध नाही. वाळक्या भागावर वाळवीची माती दिसली तर तिलाच गुन्हेगार ठरवू नका. ती बहुतेक मेलेलं लाकूड खायला मागून येते.

बांडगूळ विसरू नका. आंब्या-चिकूवर वेगळ्याच पानांचा झुपका दिसतो, त्याच्या पुढची फांदी बारीक होत वाळते. नुसता झुपका ओढून उपयोग नाही, त्याची मुळं फांदीच्या आत असतात. तो चिकटला आहे त्याच्या फूटभर मागून फांदी काढा.

पावसात फांदीवर, विशेषतः बेचक्यात, आधी पांढरं जाळं आणि मग फिकट गुलाबी पापुद्रा दिसला तर तो गुलाबी रोग. दाट, हवा न खेळणाऱ्या आंब्या-फणसावर तो येतो आणि पापुद्र्याच्या पुढची सगळी फांदी अचानक वाळते. ती पापुद्र्याच्या वीतभर खालून, हिरव्या लाकडात कापा, बागेबाहेर नेऊन जाळा आणि कापाला बोर्डो पेस्ट लावा. कण्हेरीच्या फांद्या मात्र कधीच जाळू नका, तिचा धूर विषारी असतो.

पेस्ट घरी होते. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवा. धातूचं भांडं चालत नाही. थंड झाल्यावर दोन्ही एकत्र ओतत ढवळा. स्वच्छ लोखंडी पातं त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरा, हातमोजे घाला, डोळे सांभाळा. हे मिश्रण फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या द्राक्षमळ्यांतून आलं. चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडत, आणि १८८५ साली मिलार्दे यांनी त्याचा बुरशीवरचा उपयोग जगासमोर मांडला.

कोरड्या दिवसांत घेतलेल्या कापांना मी काहीच लावत नाही. पावसात नाइलाजाने कापलेल्या किंवा रोगाच्या जाड कापांनाच पेस्ट. डांबर, ऑइल पेंट, इंजिनचं जुनं तेल कधीही नको. त्याखाली ओल कोंडते आणि लाकूड आतून कुजतं.

८. मुळं

हे शेवटी, कारण त्यात खणणं आलं. एकाच फांदीऐवजी झाडाचे सगळेच शेंडे वाळत असतील तर वर बघणं सोडा. बुंधा जमिनीतून खांबासारखा सरळ वर आलेला दिसतोय का? झाडाचा बुंधा जमिनीशी पसरट व्हायला हवा. तसा नसेल तर अंगण उंचावताना किंवा चिऱ्यांचा पार बांधताना त्याच्यावर माती पडली आहे. हाताने, खुरप्याने ती माती मुळं दिसेपर्यंत दूर करा. गेल्या काही वर्षांत अंगणात पेव्हर बसवण्याची पद्धत आली आहे. बुंध्याभोवती निदान दीड-दोन फुटांचं आळं मोकळं ठेवा, मोठ्या झाडाला त्याहून जास्त.

मग झाडाच्या फांद्यांच्या छत्रीच्या कडेखाली फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर खाली जांभ्याचा कठीण थर आहे आणि मुळं श्वास घेत नाहीत. अशा झाडाची छाटणी पुढे ढकला आणि आधी पाण्याला चर काढून द्या.

इथे थांबा

पाय जमिनीवर ठेवून हात पोचत नाही तिथली करवत तुमची नाही. शिडीवर उभं राहून करवत चालवताना झालेले अपघात मी जवळून पाहिले आहेत आणि त्यातला एकही अपघात त्या फांदीच्या मोलाचा नव्हता. माडावर आणि पोफळीवर पाडेलीच, म्हणजे नारळ पाडणाराच, चढू दे.

विजेच्या तारेच्या जवळपास फांदी असेल तर वीज खात्याला कळवा. ओली फांदी, ओला बांबू, ॲल्युमिनियमची शिडी, यांतल्या कशातूनही वीज उतरते.

बुंध्यावर कडक अळंबी उगवली असेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, झाड नव्याने घराकडे कललं असेल किंवा एका बाजूची माती उचलली गेली असेल, तर एकही फांदी कापू नका. वजन हललं की असं झाड कुठे पडेल सांगता येत नाही. जाणकाराला बोलवा. काजूच्या बुंध्याची अर्ध्याहून जास्त साल रोठ्याने खाल्ली असेल तर ते झाड वाचवण्यात पैसे घालू नका. विभागीय कृषी कार्यालयात दाखवा, म्हणजे निदान शेजारचे काजू वाचतील.

मोठं झाड उतरवायचंच ठरलं तर परवानगी लागते. गोव्याचा १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा खासगी जमिनीतल्या झाडांनाही लागू आहे. जाड फांद्या काढायच्या असल्या तरी आधी वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारून घ्या.

आणि माणूस ठरवताना मजुरी विचारण्याआधी त्याला झाडाखाली न्या. म्हणा, "बाबा, काप कुठे घेणार ते बोटाने दाखव." त्याने वळीच्या बाहेर बोट ठेवलं तर त्याला काम द्या. "वरून सगळं सपाट करून देतो" म्हणाला तर चहा पाजा आणि दुसरा माणूस शोधा.